दादाच्या नव्या स्की

वहिनींचा फोन डिसेंबरात आला. "तू फेब्रुवारीत येणार आहेस ना, मग या वेळी नणंद म्हणून येऊ नकोस, डॉक्टर म्हणून ये. तुझ्या दादाला सांग की आता पुरे झाले."

पुरे व्हायला हवे होते ते दादाचे स्कीइंग. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, आता एकाहत्तर वर्षांचा. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलेला हा मुलगा वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेऊन १९७९ साली ऑस्ट्रियाच्या अगदी पश्चिम टोकाला, फोरार्लबेर्ग प्रांतातील डोर्नबिर्न या गावी नोकरीला गेला. डोर्नबिर्न म्हणजे त्या मुलखाची इचलकरंजीच. सूतगिरण्या, विणकाम, रंगाई, छपाई यांवर ते गाव पोसले गेले. पुढे तिथल्याही गिरण्या एकेक करून थंडावल्या. दादाने दुसरी नोकरी धरली, तिथेच घर केले, तिथेच निवृत्त झाला. पहिल्याच हिवाळ्यात विणकाम खात्यातील एका सहकाऱ्याने त्याला आपल्या वापरलेल्या स्की दिल्या आणि गावामागच्या ब्योडेले नावाच्या डोंगरावर नेऊन ढकलून दिले. तेव्हापासून दादाचा एकही हिवाळा बर्फावाचून गेला नाही.

मागच्या मार्चमध्ये मात्र तो पडला. वसंतातला ओला, जड बर्फ होता. डावी स्की त्यात रुतली, शरीर पुढे फिरले, आणि बूट स्कीतून सुटला नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध दुखावला आणि गादीसारखी कूर्चाही थोडी फाटली. शस्त्रक्रिया लागली नाही. सहा आठवडे पट्टा आणि पुढे काही महिने व्यायाम एवढ्यावर निभावले. वहिनींनी ते सहा आठवडे ज्या रीतीने काढले, ते घरात रुग्ण सांभाळणाऱ्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

मी जनरल प्रॅक्टिशनर आहे. वडीलधाऱ्यांना एखादी गोष्ट बंद करायला सांगा, अशी विनंती घेऊन आठवड्यातून एकदा तरी कोणाची तरी मुले माझ्यासमोर बसतात. जिना बंद करा, एकट्याने बाजारात जाणे बंद करा, स्कूटर बंद करा. डॉक्टरांनी सांगितले की वाद मिटतो, म्हणून ही कामगिरी आमच्याकडे येते. मीही ती पुष्कळदा पार पाडली आहे, आणि सर्वांत आधी ती माझ्याच घरी पार पाडली. पंचवीस वर्षांपूर्वी बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे असताना पंचगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलवरून पडले. फार लागले नव्हते. उंच दांडीची ती जुनी सायकल होती, दांडीवरून पाय टाकताना तोल गेला, एवढेच. त्याच संध्याकाळी मी सायकलला कुलूप लावले आणि किल्ली माझ्या दवाखान्याच्या खणात ठेवली. बाबा एका शब्दानेही रागावले नाहीत. पहाटे नदीपर्यंत जाऊन येणे थांबले, मग चौकापर्यंत जाणे थांबले, आणि दीड वर्षात न्हाणीघरापर्यंत जायला त्यांना माझा हात लागू लागला. ती किल्ली अजून माझ्याजवळ आहे.

म्हणून वहिनींना मी फोनवर एवढेच म्हटले, "येते, आणि बघते."

झुरिकहून आगगाडीने निघाले की काही वेळाने ऱ्हाईन नदी ओलांडून आपण ऑस्ट्रियात शिरतो. उत्तरेला बोडेनझे हे विस्तीर्ण सरोवर आणि त्याच्या काठी प्रांताची राजधानी ब्रेगेन्झ. दक्षिणेकडे नदीचे सपाट, कोबीच्या मळ्यासारखे नीटनेटके खोरे, आणि त्या खोऱ्याच्या पूर्व कडेला भिंतीसारखे एकदम उठलेले डोंगर. खोऱ्यात चिखल असतो आणि वर पाहावे तर पांढरे. फोरार्लबेर्ग म्हणजे आर्लबेर्गच्या अलीकडचा प्रदेश. आल्प्समधील स्कीइंगचा इतिहास ज्या आर्लबेर्ग खिंडीच्या परिसरात घडला, ती या प्रांताच्या पूर्व सीमेवर आहे. तिथल्या श्टूबेन या चिमुकल्या गावात १८९० साली जन्मलेल्या हानेस श्नायडर यांनी स्की शिकवण्याची जी शिस्तबद्ध पद्धत बसवली, ती आर्लबेर्ग पद्धत म्हणून जगभर गेली.

पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी दादाची तपासणी केली. रक्तदाब औषधांनी आटोक्यात होता. हाडांच्या घनतेचा अहवाल वयाच्या मानाने बरा होता. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितले, ते त्याने माझ्या इचलकरंजीतल्या साठीच्या रुग्णांहून वेगाने केले. एका पायावर दहा सेकंद उभे राहणे उजव्या पायावर सहज जमले. डाव्यावर सातव्या सेकंदाला तो डुलला आणि "जमीन वाकडी आहे" म्हणाला. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी त्याला बर्फावर जायला मनाई केली नव्हती. मांडीचे स्नायू बळकट ठेवा, दमण्याआधी थांबा आणि ते जुने सामान फेकून द्या, अशा तीन अटी घातल्या होत्या. घरी येऊन दादाने पहिल्या दोनच सांगितल्या होत्या.

ते जुने सामान मी तळघरात जाऊन पाहिले. दोन मीटर लांबीच्या, जवळजवळ सरळसोट कडांच्या, पस्तीसेक वर्षांपूर्वी घेतलेल्या केस्टलेच्या स्की. ज्या सहकाऱ्याने पहिली जोडी दिली तीही केस्टलेचीच होती, आणि निष्ठेच्या बाबतीत दादा आमच्या बाबांवर गेला आहे. स्कीवर बूट धरून ठेवणारा जो सांधा असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पायाला ठरावीक मर्यादेपलीकडे पीळ बसला किंवा टाच उचलली गेली की या सांध्याने बूट सोडून द्यायचा असतो. दादाच्या बाइंडिंगमधील वंगण वाळून कोरडे झाले होते. मार्चमध्ये गुडघा का पिळला गेला, ते त्या तळघरातच मला कळले.

"स्की बदल," मी म्हटले. "मग बोलू."

दादा लगेच तयार झाला, पण एका अटीवर: नव्या स्कीही केस्टलेच्याच हव्यात. इथून आमचा खरा प्रवास सुरू झाला. ऑस्ट्रियात स्की बनवणारी मोठी नावे म्हणजे अ‍ॅटॉमिक, फिशर आणि हेड. दुकानांच्या भिंती त्यांनीच भरलेल्या असतात. केस्टले त्यांच्या मानाने लहान, आणि आपल्याकडे तर कोणी नावही ऐकलेले नसेल. डोर्नबिर्नहून आगगाडीने काही मिनिटांवर असलेल्या होहेनएम्समध्ये १९२४ साली अँटोन केस्टले यांनी ती सुरू केली. ते मूळचे गाडीची चाके घडवणारे सुतार. हे ऐकल्यावर मला त्या कारागिरीचा धागा सापडला. लाकडाचे रेषे ओळखून, त्याला वाफ देऊन वाकवणे हे चाक करणाऱ्याचे रोजचे काम. स्कीचे पुढचे टोक वर वळवायला तेच कसब लागते. आल्प्समध्ये गाड्या घडवणारे अनेक सुतार असेच स्कीकडे वळले. बैलगाडीच्या चाकाला आपण लोखंडी धाव बसवतो, तशी स्कीच्या कडेला पोलादी पट्टी बसवण्याची कल्पना साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनर यांनी १९२० च्या दशकात काढली, आणि कडक बर्फावर फळी घसरण्याऐवजी धरू लागली. पुढे केस्टले हे नाव परक्या मालकांकडे गेले, काही वर्षे बाजारातून दिसेनासे झाले, आणि २००७ साली होहेनएम्समधूनच पुन्हा उभे राहिले.

एका दुपारी दादा मला होहेनएम्सला घेऊन गेला. गाव एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी बसले आहे. कड्याखालीच सोळाव्या शतकातला राजवाडा आहे. त्याच्या ग्रंथालयात १७५५ साली जर्मन महाकाव्य 'निबेलुंगेनलीड'चे हस्तलिखित सापडले. थोड्या अंतरावर जुनी ज्यू वस्ती आहे. १६१७ साली इथल्या सरदाराने ज्यू कुटुंबांना अभयपत्र देऊन वसवले. विसाव्या शतकात ती वस्ती कशी संपली ते एका जुन्या बंगल्यातले संग्रहालय सांगते. दादा या सर्वांतून भराभर चालत होता. मी मुद्दाम मागे राहून त्याचे पाऊल पाहत होते. फरसबंदी रस्ता उताराला लागला की डावा पाय तो किंचित बाहेर टाकत असे. हे तपासणीच्या खोलीत दिसले नव्हते.

पहिले दुकान आम्ही निवडले ते मोठे, झगमगीत, हमरस्त्यावरचे. विक्रेता पंचविशीचा होता. दादाने केस्टले म्हणताच त्याने एक लांब जोडी काढली, दादाने तिच्यावरून हात फिरवला, आणि दोघे वळणाच्या त्रिज्येविषयी बोलू लागले. त्या मुलाने दादाचे वय विचारले नाही, गुडघ्याचे विचारले नाही. शेवटच्या तक्त्यात स्की करणाऱ्याचा प्रकार लिहायचा असतो: सावकाश जाणारा, मध्यम, की वेगाने आणि जोरात जाणारा. दादाने तिसरा सांगितला. वहिनी शेजारी उभ्या होत्या. त्या मराठीत म्हणाल्या, "अहो, खरे सांगा." दादा म्हणाला, "खरेच सांगतोय." वहिनी दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही काही न घेता परतलो.

दवाखान्यात हेच रोज घडते. तंबाखू किती? कधीतरी. औषध घेता ना? हो, नेमाने. रुग्ण खोटे बोलतो असे मी म्हणणार नाही. तो आपल्या दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःविषयी बोलत असतो.

दुसरे दुकान ब्रेगेन्झरवाल्डमध्ये, ब्योडेलेच्या पलीकडच्या उतारावरील एका खेड्यात होते. ब्रेगेन्झरवाल्ड हा लाकडी घरांचा आणि चीजचा मुलूख. लाकडाच्या लहान लहान खवल्यांनी मढवलेल्या तिथल्या भिंती उन्हापावसाने रुपेरी करड्या होतात. दुकानाचा मालक साठीच्या पुढचा, हाताला मेणाचा वास असलेला माणूस. त्याने दादाला आधी वजनकाट्यावर उभे केले. मग उंची, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी, जन्मसाल. प्रकार विचारला तेव्हा दादा जरा थांबला आणि त्याने वहिनींकडे पाहिले. वहिनींनी काही सुचवले नाही. "मधला," दादा म्हणाला.

हा तक्ता आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरलेला असतो. वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, प्रकार आणि वय यांवरून बाइंडिंगच्या स्प्रिंगचा आकडा निघतो. आकडा मोठा असला की पाय घट्ट धरला जातो, लहान असला की लवकर सुटतो. पन्नाशी गाठली की हा तक्ता माणसाला एक पायरी खाली, म्हणजे लवकर सुटणाऱ्या बाजूला नेतो. मला हे फार आवडले. वय झाले म्हणून तो कोणाला घरी बसवत नाही, एक पायरी सैल करतो. डॉक्टर म्हणून एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बाइंडिंगची रचना मुख्यतः नडगीचे हाड मोडू नये यासाठी विकसित झाली. गुडघ्याच्या आतील अस्थिबंधांना ती पूर्ण संरक्षण देत नाही. त्यासाठी मांडीचे स्नायू, आणि थांबण्याची वेळ ओळखणे, हेच आहे. मालकाने जुनी बाइंडिंग नुसती पाहिली आणि तिला हात लावणार नाही असे स्वच्छ सांगितले.

स्कीची निवड त्याने आमच्यावर लादली नाही. आजची स्की दादाच्या काळापेक्षा वेगळी असते. कंबर बारीक आणि दोन्ही टोके रुंद, त्यामुळे ती कडेवर झुकवली की आपोआप वळते; म्हणून लांबीही कमी चालते. पूर्वी डोक्यावर हात उंच करून स्की मोजत, आता ती हनुवटी ते कपाळ एवढी पुरते. बुटाखालचा भाग फार रुंद असेल तर कडक बर्फावर ती कडेवर उभी करायला गुडघ्याला जास्त जोर पडतो; सपाट केलेल्या उतारावर जाणाऱ्या, गुडघा दुखावलेल्या माणसाने अरुंद कंबरच पाहावी. पुढचे टोक किंचित वर उचललेले असेल तर वळणाची सुरुवात हलकी होते. लाकडी गाभ्यावर धातूचे पत्रे घातलेली स्की वेगातही थरथरत नाही, पण तिला वळवायला दमदार पाय लागतात. मालकाने केस्टलेच्याच दोन जोड्या चाचणीसाठी दिल्या: धातूची, भारदस्त एमएक्स आणि दुसरी हलक्या बांध्याची, एकशे बासष्ट सेंटिमीटरची. भाडे भरा, दोन दिवस वापरा, घेतलीत तर भाडे किमतीतून वजा. किंमत हजार युरोंच्या वर होती. वहिनींनी मनातल्या मनात रुपये केले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

चाचणी आम्ही ब्योडेलेवर केली. लहान, घरगुती जागा आहे. डोर्नबिर्नची मुले शाळा सुटल्यावर तिथे येतात. वहिनी आणि मी उतारासमोरच्या उपाहारगृहात खिडकीशी बसलो. पातळ धिरड्यांच्या पट्ट्या कापून घातलेले गरम सूप तिथे मिळते. वहिनींनी विणकाम काढले, पण सुया चालत नव्हत्या.

पहिल्या दिवशी एमएक्स. दादा वरून आला तो सुरेख आला, लांब, मोठ्या वळणांनी. मी त्याला असे कधी पाहिले नव्हते. आमच्याजवळ थांबून म्हणाला, "आयुष्यातली सर्वोत्तम स्की." दुसरी फेरीही तशीच. तिसऱ्या फेरीनंतर तो खिडकीशी आला तेव्हा चेहरा लाल होता, आणि बाकावर बसताना त्याने दोन्ही हात टेकले. सकाळी घरी तो हात न टेकता बसला होता. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला. स्नायू थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी हलकी जोडी. वळणे लहान, आवाज कमी. खाली आल्यावर त्याने कोणतेही विशेषण वापरले नाही. दुसरी फेरी, तिसरी. चौथ्या फेरीनंतर तो आला, बसला, आणि सूप मागवले. हात टेकले नाहीत. आभाळ भरून आले होते. ढगाळ प्रकाशात बर्फाचे उंचसखल भाग दिसत नाहीत, सगळे दुधासारखे एक होते; गॉगलची काच फिकट रंगाची हवी, हे त्याने स्वतःच मला समजावले. मग बराच वेळ तो गप्प होता.

"काल जास्त मजा आली," शेवटी तो म्हणाला.

"दिसली," मी म्हटले. "पण चौथ्या फेरीला कोणती जोडी पायात हवी?"

त्याने उत्तर दिले नाही. चमचा बशीत ठेवला. वहिनी सुयांकडे पाहत होत्या. माझ्या मनात त्या वेळी बाबांची उंच दांडीची सायकल होती. बिनदांडीची, खुज्या चाकांची सायकल तेव्हाही बाजारात मिळत होती. माझ्याच दवाखान्याशेजारच्या दुकानात टांगलेली होती. ती विकत घ्यावी, असे मला एकदाही सुचले नाही. हे मी त्या टेबलावर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. दादाला किल्लीची गोष्ट ठाऊक नव्हती. त्या काळात तो इथे होता, आणि पत्रात आम्ही फक्त बाबांची प्रकृती ठीक असल्याचे लिहीत होतो.

"हलकीच घेऊ," दादा म्हणाला.

दुकानात मालकाने नवी बाइंडिंग बसवली, बूट तिच्याशी जुळतो का ते पाहिले, आकडा लावला. मग बूट यंत्रात धरून पिळला. ठरलेल्या जोरावर कट्ट आवाज करून तो सुटला. मालकाने पुन्हा केले, पुन्हा कट्ट. "मलाही ऐकू दे," वहिनी म्हणाल्या, आणि त्याने तिसऱ्यांदा केले. तक्त्याचा कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला. दर हंगामाच्या सुरुवातीला ही तपासणी करून घ्यायची, वजन बदलले किंवा बूट बदलले तर पुन्हा, असे मालकाने दादाऐवजी त्यांनाच सांगितले.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा वर गेलो. तीन फेऱ्या ठरल्या होत्या. दुसऱ्या फेरीत, उताराच्या मध्यावर, एक लहान मुलगी त्याच्या वाटेत आली. दादा तिला चुकवायला वळला आणि पडला. वहिनी उभ्या राहिल्या. लोकरीचा गुंडा टेबलाखाली गेला. मीही उठले. दादा बर्फात बसला होता आणि त्याची डावी स्की पायातून सुटून चार हात वर, आपल्या ब्रेकवर अडकून पडली होती. त्याने पाय सरळ केला. गुडघा वाकवला, पुन्हा सरळ केला. मग आमच्या खिडकीच्या दिशेने एक हात वर केला, काठीचा आधार घेऊन उठला, आणि एका पायात स्की, एका पायात नुसता बूट अशा अवघड चालीने हळूहळू वर चढत आपली दुसरी स्की आणायला गेला.

वहिनींनी वाकून लोकर उचलली आणि सूप गार होतेय म्हणाल्या.